गाडी दारात, नाव ओठात

९ फेब्रुवारी, रविवार

ही वही साराने दिली. सारा म्हणजे ह्यांच्या वॉर्डातली बोलायला शिकवणारी बाई. ह्यांना झटका आला त्याला आज सहा आठवडे झाले. उजवा हात आणि पाय ढिला पडला आणि बोलणं पार गेलं. सारा म्हणाली, मिसेस के, रोज काय झालं ते लिहीत जा, बरं वाटेल. (आमचं आडनाव खानविलकर. इथे बर्मिंगहॅमला ते कोणाच्या तोंडात मावत नाही, म्हणून आल्यापासून मी मिसेस के.) मी म्हटलं, बाई, मी गुहागरची चौथी पास, मला कुठलं इंग्लिश लिहायला येतंय! तर म्हणाली, तुमच्या भाषेत लिहा, मला वाचायचंच नाहीये. मग ठीक. कोणी वाचणार नसेल तर काय वाट्टेल ते लिहिता येतं.

आज नंदू आला होता केंब्रिजहून. दर रविवारी येतो, मला हॉस्पिटलात नेतो, आणतो. येताना गाडीत म्हणाला, "आई, चौदा मार्चला मीटिंग आहे. बाबांना डिस्चार्ज दिला की पुढे काय, ते त्यात ठरणार."

म्हटलं, "त्यात ठरवायचंय काय? घरी आणायचं."

"आणि मग आठवड्यातून तीनदा त्यांना फिजिओला कोण नेणार? तू ड्राइव्ह करत नाहीस. हॉस्पिटलची गाडी प्रत्येक वेळी मिळत नाही. दोन बसेस बदलून व्हीलचेअर नेणारेस का तू, या गुडघ्यांनी?"

त्याने सगळं शोधून ठेवलंय. त्याच्या घराजवळ एक चांगलं नर्सिंग होम आहे, हे तिथे. मी त्याच्याकडे, नातीच्या, तनूच्या खोलीत, कारण तनू सप्टेंबरात युनिव्हर्सिटीला जाणार. आणि हे घर विकायचं. बोलताना त्याचा आवाज बसला होता. पोरगा वाईट नाही माझा. दमलाय. पण हे एका छपराखाली आणि मी दुसऱ्या, असं लग्नानंतर झालेलं नाही. कारखान्यातली रात्रपाळी सोडली तर.

दारात ह्यांची निळी गाडी तशीच उभी आहे. हे गाड्यांच्या कारखान्यात होते, गाडी म्हणजे जीव की प्राण. मला सगळीकडे ह्यांनीच नेलं, मी आपली डाव्या सीटवर. बसले की हे किल्ली हातात धरून म्हणणार, "बेल्ट." मी लावला की मगच गाडी सुरू. अबोला असला तरी तेवढा शब्द बोलायचेच.

१२ फेब्रुवारी, बुधवार

बसने गेले. पहिली बस चुकली, दुसरीत डुलकी लागली आणि दोन स्टॉप पुढे उतरले. पोचेपर्यंत भेटीची वेळ संपायला वीस मिनिटं. हे दाराकडे बघत बसले होते. डबा उघडून दोन घास भरवले आणि निघाले. नंदूचं बरोबर आहे. हे असं तीनदा, तेही व्हीलचेअर घेऊन? नाही जमायचं. लिहायलाही नको वाटतंय.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

आज काय मजा झाली! सुरुवातीपासून लिहिते.

सकाळी श्यामला आली. श्यामला माझी मंडळातली मैत्रीण, माझ्याहून चार वर्षांनी मोठी, म्हणजे सत्त्याहत्तर, पण आमचं अगं-तुगं. दोन्ही गुडघे बदललेत, एकटी राहते. मी खिडकीत उभी, तर ही एका पांढऱ्या गाडीच्या मागच्या सीटवरून उतरली, राणीसारखी, हातात काठी.

"कोणाची गाडी गं?"

"माझी. पंधरा मिनिटांपुरती माझी, आता दुसऱ्याची."

मला वाटलं चेष्टा करतेय. चहा घेताना तिने फोन काढून दाखवलं. फोनमध्ये एक अ‍ॅप असतं. कुठे जायचं ते लिहायचं, की जवळपास जो कोणी मोकळा असेल तो आपली गाडी घेऊन दारात हजर. ती म्हणे आता पोहायला जाते, लायब्ररीत जाते, बुधवारी देवळात जाते. "अगं, पोटच्या मुलांना हाक मारली तर रविवारी येतात," म्हणाली, "ही चार मिनिटांत येते." श्यामलाची जीभ ही अशी. म्हणून मंडळात तिला कोणी आभार मानायलाही उभं करत नाही.

मग मला आठवलं, असलं काहीतरी ह्यांच्याही फोनमध्ये आहे. दोन वर्षांपूर्वी ह्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि महिनाभर गाडी चालवायची नव्हती, तेव्हा नंदूने बसवून दिलं होतं. ह्यांनी ते एकदाच वापरलं आणि परत येताना चालत आले, कारण त्या ड्रायव्हरने गिअर कसा टाकला ते ह्यांना पटलं नाही. फोन ड्रॉवरमध्ये होता. श्यामलाने चार्ज केला आणि माझ्या बटणांच्या फोनमधलं कार्ड त्यात घातलं. आत सगळं जिवंत होतं! नंदूने त्याला काय काय जोडून ठेवलंय ते तोच जाणे, पण चालतं खरं.

आणि तो नकाशा! आमची गल्ली, समोरचं चर्च, कोपऱ्यावरचं भाजीचं दुकान, सगळं त्यात. आणि त्यावरून एक काळा मुंगळा सरपटत येत होता. श्यामला म्हणाली, तो मुंगळा म्हणजे आपली गाडी. मी म्हटलं, काहीतरीच. मुंगळा आमच्या गल्लीत वळला, मी मान वर केली, आणि खिडकीबाहेर खरीच गाडी वळली. मी टाळ्या वाजवल्या. श्यामला म्हणते, "बास, बास, तू काही जन्माला नाही घातलीस ती."

सवयीने मी पुढचं दार उघडून डाव्या सीटवर बसले. तिथे ड्रायव्हरचा डबा होता, तो मांडीवर घेतला. गाडी निघाली आणि टीं टीं टीं करायला लागली. मी बेल्ट लावला नव्हता. कोणी म्हणालंच नाही ना.

बावीस मिनिटांत हॉस्पिटल. दोन बसेसना दीड तास लागतो. ह्यांच्या उशाशी दोन तास बसले. श्यामलाने ह्यांना सगळ्या जगाच्या बातम्या सांगितल्या. आज ह्यांना बोलता येत नव्हतं तेच बरं, नाहीतर भांडण झालं असतं.

२४ फेब्रुवारी, सोमवार

पहिल्यांदा एकटी गेले. आणि पहिल्यांदाच चुकले.

गाडी बोलावली आणि चहा ठेवला. आमच्याकडे दारात आलेल्या माणसाला कोरडं पाठवत नाहीत. इथे पोस्टमनसुद्धा आमच्या दारातला चहा पिऊन गेलेला आहे. गाडी आली. ड्रायव्हर दाढीवाला, चाळिशीचा, यासीर नाव. मी दारातून हाक मारली, "आओ बेटा, चाय तैयार है."

तो काच खाली करून म्हणतो, "आंटी, घड़ी चल रही है!"

"चलने दो. बैठके पियो."

आत आला नाही, पण दारात उभ्या उभ्या कप संपवला. म्हणाला, माझी अम्मी पण अशीच आहे, तिकडे मीरपूरला, मीटर वाचायला आलेल्यालाही जेवायला बसवते. मग मला नीट समजावलं: आंटी, तुम्ही आधी बाहेर येऊन थांबायचं, मग मला बोलवायचं, मला एका माणसामागे दोन-तीन मिनिटंच असतात. म्हणजे आपण ह्याला नाही, ह्याने आपल्याला बोलावल्यासारखं. शिकले. आता चहा नाही. बेसनाचा एक लाडू फॉइलमध्ये बांधायचा आणि उतरताना द्यायचा.

वॉर्डाच्या लिफ्टमध्ये शिरते तोच नंदूचा फोन. "पोचलीस?"

"कुठे?"

"कुठे नाही. म्हणजे... जेवलीस का, असं विचारत होतो."

मी म्हटलं, जेवले. हे गाडीचं त्याला सांगितलेलं नाही. उगाच घाबरेल, परकी माणसं, एकटी आई. चौदा तारखेलाच दाखवेन काय ते. पण बघा, मी पाऊल टाकायला आणि त्याने फोन करायला गाठ. आईची नाळ कापली तरी कुठेतरी लागलेलीच असते.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

परत नंदूचा फोन, परत लिफ्टमध्ये! नाळ.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

आजचा ड्रायव्हर इरिट्रियाचा, पियानो वाजवतो. कालची बाई शाळेत शिकवते आणि संध्याकाळी गाडी चालवते. किती प्रकारची माणसं या गावात राहतात आणि मी आपली डाव्या सीटवरून फक्त सिग्नल बघत आले. आता मी मागे बसते. मागून माणसाचं अर्धं तोंड आरशात दिसतं, पण लोक आरशात जास्त खरं बोलतात असं माझं मत झालंय.

पण आज दुसरंच लिहायचंय. सारा ह्यांना चित्रं दाखवते, कप, कुत्रा, घड्याळ. हे नुसते बघतात. आज ती म्हणाली, "मिसेस के, ते स्वतःच्या नावाला वळतात. पण माझे उच्चार चुकतात. तुम्ही म्हणा. रोज, उजव्या बाजूने, मोठ्याने."

मी म्हटलं, "अहो."

"हे त्यांचं नाव?"

"नाही."

"मग अर्थ काय याचा?"

आता याचा अर्थ काय सांगणार! म्हटलं, याचा अर्थ, तुम्ही, ऐका. ती हसली आणि म्हणाली, नाव हवंय, नाव.

मी नाव घेत नाही. कधीच घेतलेलं नाही, लिहीतही नाही. या वहीतही नाही. नावात कमळ आहे एवढंच लिहिते. आजपर्यंत अडलं नाही. हॉस्पिटलच्या खिडकीवर दाखवायला तनूने मला एक चिठ्ठी लिहून दिलीय, ह्यांचं नाव आणि जन्मतारीख, ती पर्समध्ये असते. गाडीवाले तर आपणहोऊन विचारतात, अमुक तमुक का? फोन ह्यांचा ना, म्हणून गाडी ह्यांच्याच नावाने येते. मी मान हलवते, झालं.

माझ्या वडिलांचं नाव विष्णू. आई विष्णुसहस्रनामाला बसायची आणि त्या शब्दाशी आली की नुसते ओठ हलवायची. वडील ब्याण्णव वर्षं जगले. आणि माझ्या सासूबाईंनी एकदा रागाच्या भरात सासऱ्यांना नावाने हाक मारली, अंगणात, सगळ्यांदेखत. सासरे त्याच साली गेले. कोणी काही म्हणो, मी ते डोळ्यांनी पाहिलंय. उखाण्यात घेतलं तर चालतं. तिथे चार बायका हसत असतात, देवाला वाटतं खेळ चाललाय. पण असं कोरडं, आजारी माणसाच्या कानात? ना बाबा.

साराला एवढं कुठलं सांगणार. पर्समधली चिठ्ठी काढून दिली. तिने ती ह्यांच्या समोरच्या भिंतीवर चिकटवली. हे बराच वेळ तिकडे बघत होते आणि मग माझ्याकडे.

३ मार्च, सोमवार

गेले नाही. जाता आलं नाही.

गाडी बोलावून फाटकात थांबले, यासीरने शिकवलं तशी. बारीक पाऊस. मुंगळा आला, गाडी आली. तरुण मनुष्य, काच दोन बोटं खाली करून म्हणाला, "नाव काय?"

मी म्हटलं, "मिसेस के."

"नाही. बुकिंगवर नाव काय आहे?"

म्हटलं, तुम्हीच सांगा. तो म्हणाला, मी सांगायचं नसतं, तुम्ही सांगायचं, तुमच्याच सेफ्टीसाठी. बरोबरच होतं ते. फोन दाखवायला गेले तर फोन झोपलेला, त्याला उठवायला अंगठा लागतो, आणि अंगठा हातमोज्यात. पर्समध्ये चिठ्ठी शोधली, तर ती भिंतीवर. मागे व्हॅनवाला हॉर्न देतोय. नाव माझ्या घशात होतं. घशातच राहिलं. तो म्हणाला, "सॉरी, लव्ह," आणि गेला. लाडू माझ्या हातात.

परत दुसरी बोलवायला धीर झाला नाही. घरात येऊन कोटासकट बसून राहिले. आज ह्यांनी दाराकडे किती वेळ बघितलं असेल.

नंदूचा फोन आला, आज वेळ सोडून. "आई, बरी आहेस ना? घरीच आहेस ना?" मी म्हटलं, हो, कपाळ दुखतंय. तो एवढंच म्हणाला, "बरं. उद्या बघ." काय बघ, ते नाही सांगितलं.

चौदा तारखेला असंच झालं तर? नंदू म्हणेल, बघ.

४ मार्च, मंगळवार

श्यामलाला सांगितलं. ती हसायची थांबेचना. मग म्हणाली, "सोपं आहे. फोनमधलं नाव बदलून टाकू. तुझं सुलक्षणा लिहू, की संपलं."

माझ्या अंगावर काटाच आला. म्हटलं, "त्यांचं नाव पुसायचं? ते तिकडे कॉटवर असताना? अगं, पाटीवरचं नाव माणूस गेल्यावर काढतात."

"मग घ्यायचं नाही आणि पुसायचंही नाही. मग काय, शंख फुंकायचा गाडी आली की?"

"तुला नाही कळायचं."

"मला नाही? माझ्या नवऱ्याचं नाव मी जन्मभर एकेरीत घेतलं. पुरुषोत्तम असा, पुरुषोत्तम तसा, पुरुषोत्तम मेला कुठे गेला. तो गेला तो सिगारेटीने गेला, माझ्या जिभेने नाही." मग काठीने गालिच्यावर रेघा ओढल्या. "आता रिकाम्या घरातही घेते. ऐकायला कोणी नाही, तरी घेते. तुझा ऐकायला आहे."

दुपारी ती बरोबर आली म्हणून गेले. हे मला बघून डोळे मिटून पडले. रुसले होते. रुसायला आलं म्हणजे बरे होतायत असं सारा म्हणते.

११ मार्च, मंगळवार

रोज जातेय. हातमोजा आधीच काढून ठेवते, फोन जागा ठेवते. परत तसं कोणी विचारलं नाही.

आज श्यामलाने एक नवीन दाखवलं. आपण जसे ड्रायव्हरला तारे देतो तसे तेही आपल्याला देतात! तिचं चार पूर्णांक एक्क्याण्णव. माझं चार पूर्णांक सत्त्याण्णव. तिचं तोंड बघण्यासारखं झालं.

"लाडू चारून मिळवलेस," म्हणाली.

"तू पण चार."

"मी राजकारणावर बोलते."

चौथीत माझा नंबर वर्गात शेवटून दुसरा आला होता आणि मास्तर म्हणाले होते, हिला भाकऱ्या भाजायला शिकवा. आणि आता बर्मिंगहॅमसारख्या शहरात, एवढी नाना देशांची माणसं, माझ्याशी नात्याची ना गोत्याची, त्यांनी मला जवळजवळ पाच पैकी पाच दिले. फक्त ते पूर्णांक शून्य तीन कोणी कापले असतील याचा दिवसभर विचार करतेय. बहुतेक तो, ज्याचा डबा मी मांडीवर घेतला होता.

मला या माणसांचं फार कौतुक वाटतं. दिवसभर परक्यांना पाठीमागे बसवून न्यायचं, त्यांचं रडणं, भांडणं, फोन, सगळं ऐकायचं आणि पुढे बघत राहायचं. म्हाताऱ्या बायकांचे पाय आत येईपर्यंत थांबायचं. काल एकाने माझी ओढणी दारात अडकली तर खाली उतरून सोडवली. हे कोणी शिकवलं असतं का?

१४ मार्च, शुक्रवार

आज सगळं लिहून ठेवायचंय.

काल होळी म्हणून पुरणपोळ्या केल्या होत्या, त्यातल्या चार डब्यात घेतल्या. मीटिंग अकराला. नंदू सव्वादहाला मला घ्यायला येणार होता. दहाला फोन: "आई, पुढे अ‍ॅक्सिडेंट झालाय, मोटरवे बंद. मी अडकलोय. त्यांना फोन करून मीटिंग पुढे ढकलायला सांगतो. पण ते नर्सिंग होम आज हो-नाही मागतंय..."

मी म्हटलं, "काही ढकलू नकोस. मी पोचते."

तो काही विचारेल असं वाटलं, कशी पोचतेस वगैरे. नाही विचारलं. म्हणाला, "पोच."

साडीवर कोट घातला, फाटकात गेले, गाडी बोलावली. मुंगळा आला. ड्रायव्हर बाई होती, गोरी, माझ्या नंदूच्या वयाची, केस निळे. काच खाली केली आणि म्हणाली, "मॉर्निंग! नाव काय म्हणालात?"

फोन वर केला, तर त्यावर नंदूचा फोन वाजायला लागला. गाडीचं चित्र गेलं आणि नंदूचं तोंड आलं. ते जाईना. मी दाबतेय, ते वाजतंय. बाई म्हणाली, "डार्लिंग, मला नाव ऐकायला लागतं." तिचा हात गिअरवर गेला. मी तो हात बघितला. त्या दिवशीही मी हातच बघितला होता.

आणि मी तिथे, फाटकात, कचऱ्याच्या व्हीली बिनच्या शेजारी, डबा छातीशी धरून मोठ्याने म्हटलं:

"बर्मिंगहॅमच्या रस्त्यावर सिग्नल लागतात फार,
पद्माकररावांचं नाव घेते, उघडा गाडीचं दार!"

कुठून आलं कोण जाणे. पन्नास वर्षांत मंडळाच्या हळदीकुंकवालासुद्धा मला दुसऱ्याचा पाठ केलेला म्हणावा लागायचा.

बाईने आपल्या फोनवर बघितलं. मग म्हणाली, "पद्माकर. हां, बरोबर. बसा, बसा." थोडं पुढे गेल्यावर विचारलं, "ती प्रार्थना होती का?"

मी म्हटलं, "लग्नाची."

"माझ्या लग्नात असं काही नव्हतं," म्हणाली, "म्हणूनच मोडलं असेल." आणि दोघी हसलो. तिला लाडूऐवजी अख्खी पुरणपोळी दिली.

दहा पन्नासला पोचले. एका लांब टेबलाशी डॉक्टरीणबाई, सारा, आणि घरी कोणाला काय मदत लागेल ते बघणारा एक मनुष्य. तो कागद बघत म्हणाला, मिस्टर खानविलकरांना घरी नेलंत तर आठवड्याला तीन वेळा इथे आणायला लागेल, ते कसं करणार? मी फोन टेबलावर ठेवला. मोडक्यातोडक्या इंग्लिशमध्ये सांगितलं, असं लिहायचं, असा मुंगळा येतो, हे बघा आत्ता इथे सहा मुंगळे आहेत. व्हीलचेअर घडी करून डिकीत जाते, मी यासीरला विचारून ठेवलंय. तो म्हणाला, चांगलं आहे, पण रोजच्या रोज तुम्हाला एकटीला जमेल याची खात्री काय?

तेवढ्यात दार उघडून नंदू आला, धापा टाकत. उभ्या उभ्याच म्हणाला, "तीन आठवडे ती अशीच येतेय. एकच दिवस चुकला. तीन मार्च. नऊ बावीसला गाडी आली होती आणि नऊ सव्वीसला ती न घेता गेली. दुसऱ्या दिवशी ही परत आली."

मला स्वतःलाही मिनिटं माहीत नव्हती! श्यामलाने चहाडी केली, दुसरं काय. (नंतर तिला फोन केला तर शपथ घेते, मी नाही म्हणून. नंदू नुसता हसतो.)

मग तो माझ्या शेजारी बसला आणि त्या मनुष्याला म्हणाला, "नर्सिंग होमला मी नको म्हणून कळवलंय. येतानाच." आणि हळू आवाजात मला, "आई, पहिल्या दिवशी तुला थांबवणार होतो. मग म्हटलं, बघू."

ठरलं. घरी. अठ्ठावीस तारखेला.

सगळे गेल्यावर ह्यांच्या उजव्या बाजूला जाऊन बसले. समोर भिंतीवर तनूची चिठ्ठी. मनात आलं, रस्त्यातल्या निळ्या केसांच्या बाईला नाव सांगितलं, आणि ज्याचं आहे त्याच्यापासून लपवून ठेवायचं? कानाशी वाकले. म्हटलं, "पद्माकरराव."

ह्यांनी मान वळवली. पुरती, उजवीकडे, जी ते वळवत नव्हते. माझ्याकडे असे बघायला लागले की जणू विचारतायत, बाई, तुम्ही कोण? आणि मग तोंडाच्या डाव्या कोपऱ्यातून हसले.

सारा दारात उभी होती. तिने काहीतरी लिहून घेतलं. मी पण लिहून घेते: पद्माकर. पद्माकर. काही झालं नाही. घड्याळ चालू आहे.

२८ मार्च, शुक्रवार

घरी आलो. ह्यांना खिडकीशी बसवलंय, दारातली निळी गाडी बघतायत. परवा पाडवा, गुढीची काठी नंदूने माळ्यावरून काढून ठेवलीय. तो स्वयंपाकघरात चहा करतोय आणि साखर कुठे आहे ते तिसऱ्यांदा विचारतोय.

नंदू म्हणाला होता, मी नेतो बाबांना माझ्या गाडीतून. मी म्हटलं, नाही, तू मागून सामान घेऊन ये. पुढे रोज मलाच आणायचंय, तर पहिल्यांदाही मीच आणणार. हॉस्पिटलच्या दारात उभं राहून गाडी बोलावली. आणि इतक्या मुंगळ्यांतून आला कोण, तर यासीर! गाडीतून उतरून धावत आला. "अंकल, सलाम. आंटी ने बहुत लड्डू खिलाए आपके नाम से."

त्याने आणि नर्सने ह्यांना मागच्या सीटवर बसवलं. ह्यांनी पुढे बघितलं, स्टिअरिंगकडे, मग त्यावरच्या यासीरच्या हातांकडे. चेहरा पडला. गाडीत ह्यांना मागे बसलेलं मी इतक्या वर्षांत पाहिलेलं नाही. मी दुसऱ्या दाराने आत शिरून शेजारी बसले. दोघंही मागे, लग्नाच्या वरातीनंतर पहिल्यांदा.

यासीर मागे वळून म्हणाला, "आंटी, पूछना तो पड़ेगा. नाम?" त्याला तो किस्सा मधल्या एका फेरीत मीच सांगितला होता, सगळ्यांनाच सांगतेय हल्ली. मी ह्यांच्याकडे बघून म्हटलं:

"पुढच्या सीटची सवय सोडून मागे बसले आज,
पद्माकररावांचं नाव घ्यायला आता कसली लाज!"

यासीर टाळ्या वाजवतोय, बाहेर नर्स टाळ्या वाजवतेय, तिला काय कळलं कोण जाणे. मी आपली लाजून पदर सारखा करत बसले. गाडी काही सुरू होत नव्हती, कारण यासीर हसत होता.

माझ्या डाव्या हाताला काहीतरी लागलं. ह्यांचा डावा हात होता, उजव्या अंगावरून वळसा घालून आलेला, माझ्या कोटाची बाही ओढत होता. मी बघितलं. ओठ एकमेकांवर घट्ट दाबलेले, कपाळावर शीर.

"बे," म्हणाले. थांबले. डोळ्यांत राग आला, जुना, आपल्या बायकोला एवढंही कळत नाही तसला.

"बेल्ट."

मी लावला. तीनदा चुकला, पण लावला. ह्यांनी खटक्याचा आवाज ऐकला आणि मान मागे टेकली.

यासीरने आरशातून विचारलं, "अंकल ने क्या कहा, आंटी?"

मी म्हटलं, "कह रहे हैं, चलो."